वाचता न येणाऱ्या मुलांसाठी बैठे खेळ निवडताना: एका बालवाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बालवाडी लहान आहे. एकच मोठी खोली, तीन ते साडेपाच वर्षांची अठरा मुलं, दोन शिक्षिका आणि एक मदतनीस मावशी. दुपारनंतर त्याच खोलीत पाळणाघर भरतं आणि तिथे दीड-दोन वर्षांची मुलंही असतात. निवडीत याला पुढे बरंच महत्त्व आलं, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते. मुलं, शिक्षिका किंवा संस्था यांची ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. शिक्षिकांना मोठ्या ताई आणि धाकट्या ताई एवढंच म्हटलं आहे.

सकाळी हजेरी झाली की अर्धा तास बैठ्या खेळांचा. कपाटात खेळ बरेच होते. काही पालकांनी घरून आणून दिलेले, काही आधी कधीतरी घेतलेले. निवडताना चाळणी एकच लावली होती: खेळात काही वाचावं लागता कामा नये. त्या चाळणीतून सापशिडी सुटली, अठ्ठेचाळीस पत्त्यांचा जोड्या लावायचा खेळ सुटला, रंग किंवा आकार जुळवत पत्ते टाकायचा खेळ सुटला, दोन पत्त्यांवरचं सारखं चित्र झटकन ओळखायचा खेळ सुटला. शिवाय काचेच्या गोट्या खळग्यांत वाटायचा एक पट, लाकडी प्राणी एकमेकांवर रचायचा एक संच आणि फळबागेचा एक सहकारी खेळ होता.

संस्थेने आणखी काही खेळ घ्यायचं ठरवलं आणि यादी मागितली. बालवाड्यांसाठी खेळसाहित्य निवडायला मदत करणं हे माझं काम. यादी देण्याआधी मी एक अट घातली: आहे तेच मुलं कशी खेळतात, ते आधी बसून बघायचं. खोक्यावरच्या वर्णनावरून केलेली निवड आणि जमिनीवर बसून खेळ पाहून केलेली निवड यांत फार फरक पडतो.

अडचण

शिक्षिकांची तक्रार साधी होती. खेळ सुरू होतो, पण पूर्ण होत नाही. कोणीतरी उठून जातं, कोणीतरी रडतं, सोंगट्या खिशात जातात आणि शेवटी मोठ्या ताई टाळ्या वाजवून सगळ्यांना बाहेर मैदानात नेतात.

सापशिडीचा एक डाव मी अगदी जवळून पाहिला. पटाभोवती सहा मुलं. साडेतीन वर्षांच्या एका मुलीची सोंगटी दहाव्या घरात होती. फाशावर तीन पडले. पहिला गोंधळ तिथेच झाला: जिथे सोंगटी उभी होती त्याच घराला तिने ‘एक’ म्हटलं. मग रांग संपली. सापशिडीच्या पटावर अकरावं घर दहाच्या बरोबर वर असतं आणि दुसरी रांग उजवीकडून डावीकडे जाते. भिंतीवर मात्र अंकांचा जो तक्ता लावलेला होता, त्यात प्रत्येक रांग डावीकडून सुरू होत होती. तक्ता शिकवतो तेच तिने केलं. सोंगटी उचलून पटाच्या डाव्या टोकाला, पहिल्या घराच्या डोक्यावर नेऊन ठेवली, म्हणजे थेट विसाव्या घरात. दोघं ओरडले, “चिटिंग!” ताई म्हणाल्या, “अगं, तिकडे नाही, इथे वर.” तिने सोंगटी परत आणली, तोवर तीन होते की दोन, हे ती विसरली होती. पुढची खेप येईपर्यंत आपली सोंगटी पिवळी होती की हिरवी, तेही तिच्या लक्षात नव्हतं. दोन फेऱ्यांनंतर ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

या सगळ्यात तिला एकही अक्षर वाचावं लागलं नव्हतं. माझ्या दृष्टीने प्रकरणाची मेख इथे होती. वाचनाची अडचण मोठ्या माणसाने सोडवता येते. शेजारी बसून वाचून दाखवलं की झालं. फाशाचा आकडा डोक्यात धरून ठेवणं, दिशा सांभाळणं, आपली सोंगटी ओळखणं आणि पाच जणांचं होईपर्यंत थांबणं, हे मात्र दुसरं कोणी मुलाच्या वतीने करू शकत नाही. खेळ निवडताना नेमकं याच गोष्टींकडे कोणी पाहिलं नव्हतं.

रंग किंवा आकार जुळवायच्या पत्त्यांची गत आणखी बोलकी होती. टाकलेला पत्ता लाल गोल असेल, तर लाल काहीही चालतं किंवा कोणताही गोल चालतो. मोठ्या मुलांना हे सहज जमत होतं. तीन वर्षांची मुलं एकदा रंगावर गेली की रंगावरच राहायची. हातात निळा गोल असूनही “माझ्याकडे नाही” म्हणायची. ताईंना वाटायचं की नियम नीट सांगितला गेला नाही, म्हणून त्या पुन्हा पुन्हा सांगत. खरं तर नियम त्यांना कळलेला होता. विकासाच्या मानसशास्त्रात फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या गठ्ठ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. आधी रंगाप्रमाणे गठ्ठे करायचे, मग सांगायचं की आता आकाराप्रमाणे करा. तीन वर्षांची बरीच मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात आणि हाताने मात्र जुन्याच नियमाप्रमाणे पत्ते लावत राहतात. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना हा बदल जमू लागतो. मोठ्या ताई एका मुलाबद्दल म्हणाल्या होत्या, “याचा नेहमी रडीचा डाव.” मला तसं वाटलं नाही. त्याचं वय जे देऊ शकत नाही, ते खेळ त्याच्याकडे मागत होता.

राहिली वाट पाहण्याची गोष्ट. सहा जणांच्या पटावर वादावादी धरून एकेकाला अर्धा मिनिट लागलं, तरी पुन्हा फासा हातात यायला अडीच मिनिटं जातात. तीन वर्षांच्या मुलाला हा वेळ फार मोठा आहे.

कोणते पर्याय होते

मतं तीन होती आणि तिन्हींत तथ्य होतं.

संस्थेचं म्हणणं सरळ होतं: खोक्यावर ‘३+’ लिहिलेले खेळ घ्या. पण तो आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो आणि त्या एकमेकींत मिसळतात. एक म्हणजे खेळ कोणत्या वयाला जमेल, हा बनवणाऱ्याचा अंदाज. दुसरी म्हणजे सुरक्षेची सूचना: तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकतील असे भाग आत आहेत. हे ठरवायला एक लहानशी नळकांडी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि जो भाग न दाबता तिच्यात पूर्ण मावतो, तो धोक्याचा. म्हणजे ‘३+’ वाचून ‘तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल’ एवढाच अर्थ काढला, तर अर्धी सूचना नजरेतून सुटते. ही मर्यादा खोलीत येणाऱ्या सगळ्यात लहान मुलाला लावायची असते. आणि इथे दुपारी दीड वर्षांची मुलं त्याच जमिनीवर रांगत होती.

मोठ्या ताईंना आकड्यांचे खेळ हवे होते. पालक विचारतात, पुढे शाळेत जायचं आहे, नुसतं खेळून काय होणार. या मागणीला चांगला आधारही आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या घरांतली बालवाडीच्या वयाची मुलं एक साधा खेळ खेळली. सरळ रेषेत दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे, आणि फाशाऐवजी एक चकती, तिच्यावर फक्त १ आणि २. प्रत्येक बैठक १५-२० मिनिटांची, दोन आठवड्यांत चार बैठका. या मुलांची मोजणी, अंकओळख आणि कोणती संख्या मोठी याची जाण सुधारली, आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात गोल पटापेक्षा सरळ पटाचा उपयोग जास्त दिसला.

म्हणजे मोठ्या ताईंचा हेतू बरोबर होता, पण सापशिडी हे त्याचं उत्तर नव्हतं. शंभर घरं, दर दहाला उलटणारी दिशा, वर सहापर्यंतचा फासा, आणि साप व शिड्या आल्या की मोजून गाठलेलं घर क्षणात बदलतं. मोजण्याचा आणि पुढे सरकण्याचा संबंध जिथे सगळ्यात स्वच्छ दिसायला हवा, तिथेच तो तुटतो.

धाकट्या ताईंना सहकारी खेळ हवे होते. सगळे मिळून जिंकायचं नाहीतर सगळे मिळून हरायचं. या प्रकारातला सर्वांत परिचित खेळ म्हणजे हाबा या जर्मन कंपनीचा १९८६ मधला फळबागेचा खेळ. कावळा पोचायच्या आत फळं टोपलीत भरायची. त्याच धाटणीचा एक संच बालवाडीच्या कपाटात होताच, पण सगळ्यात खालच्या खणात. फाशाच्या चार बाजूंना चार रंग, एका बाजूला टोपली, एका बाजूला कावळा. जो रंग येईल ते फळ तोडायचं, टोपली आली तर हवं ते तोडायचं, कावळा आला तर तो एक पाऊल पुढे.

चौथा पर्याय कोणी मांडला नव्हता. तो मी मांडला: सध्या काहीच विकत घ्यायचं नाही, आहे त्यातलं गाळायचं आणि उरलेलं बदलून घ्यायचं. संस्थेला हे फारसं रुचलं नाही, कारण खरेदीसाठी रक्कम मंजूर होती आणि ती वापरली नाही तर पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नव्हती. शेवटी मधला मार्ग निघाला. आधी बदल करून पाहायचे, आणि नेमकी कशाची उणीव आहे ते कळल्यावर त्याच सत्रात खरेदी करायची.

काय ठरलं आणि काय केलं

पहिला निर्णय गाळण्याचा, आणि तो सोपा होता. काचेच्या गोट्यांचा पट खोलीतून बाहेर गेला. वरच्या फळीवर ठेवू, दुपारी काढणार नाही, असं एक म्हणणं होतं. पण सकाळी घरंगळलेली एक गोटी दुपारी कपाटाखाली सापडू शकते, आणि ती कोणाला सापडेल यावर आपला ताबा नसतो. मावशींनीच हे ठामपणे सांगितलं. खोली झाडायचं काम त्यांचं, त्यामुळे कुठे काय घरंगळतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसरा निर्णय गटांचा. सहा मुलांचा एक पट बंद. मोठ्या माणसासह तिघा-चौघांचं एक टेबल, आणि अशी दोनच टेबलं एका वेळी. बाकीची मुलं ठोकळे, चित्रं, माती यांत. अर्ध्या तासात सगळ्यांनी खेळलंच पाहिजे हा आग्रह सोडावा लागला आणि मोठ्या ताईंना तो जड गेला. काही मुलांना रोज मिळणार, काहींना नाही, हा अन्याय नाही का? प्रश्न योग्य होता. म्हणून दिवस वाटून घेतले आणि आज कोणाचा खेळ हे दाखवायला दारापाशी मुलांचे फोटो लावले. वाचता येत नसलं तरी आपला फोटो ओळखता येतो.

तिसरी गोष्ट लहान वाटते, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. खेळ मांडून झाल्याशिवाय मुलांना बोलवायचं नाही. पूर्वी मुलं बसायची, मग खोका उघडायचा, मग फळं मोजायची, मग फासा शोधायचा. मांडामांड होईपर्यंत मुलांचा धीर संपलेला असे. आता प्रत्येक खेळ एका ट्रेमध्ये, आदल्या दिवशी दुपारीच तयार. नियम सांगायचे नाहीत, एक फेरी ताईंनी स्वतः खेळून दाखवायची. “आधी फासा. मग बघ काय आलं. मग ते कर. मग फासा शेजारी दे.” याच चार पायऱ्यांची चार चित्रं पुठ्ठ्याच्या पट्टीवर काढून टेबलावर चिकटवली. फासा ज्याच्या हातात त्याचा डाव. त्यामुळे कोणाचा नंबर हे लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. ते टेबलावर दिसत होतं.

अठ्ठेचाळीस पत्त्यांच्या जोड्यांमधून सहा जोड्या काढल्या. त्या निवडतानाही एक गोष्ट ध्यानात आली: संचात दोन वेगळे पक्षी होते, दोघंही तपकिरी, दोघंही फांदीवर. मोठ्यांना फरक लगेच दिसतो. मुलं त्यांची जोडी लावायची आणि मग ‘चुकलं’ ऐकून हिरमुसायची. एक पक्षी बाजूला काढला. बारा पत्ते सरळ रांगांत मांडले आणि पत्ता जागचा हलवायचा नाही, एवढा एकच नियम ठेवला. काही मुलं पत्ता उलटून छातीशी धरून एकटीच बघायची. त्यांना “सगळ्यांना दाखव” हे काही दिवस सांगावं लागलं.

झटपट सारखं चित्र ओळखायच्या खेळातून घाई काढून टाकली. या खेळाच्या नेहमीच्या संचात ५५ पत्ते असतात, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कोणतेही दोन पत्ते घेतले तरी त्यांत नेमकं एकच चित्र समान असतं. ही रचना मला फार सुंदर वाटते. पण वेगाच्या शर्यतीत ती पाच वर्षांच्या मुलांपुरतीच उरते. लहानांनी तोंड उघडेपर्यंत पत्ता गेलेला असतो. म्हणून दोन पत्ते मध्ये ठेवायचे, सगळ्यांनी मिळून शोधायचं, सापडलं की बोट ठेवायचं. शर्यत नाही, हरणं नाही. रंग-आकाराचे पत्ते मात्र मोठ्या मुलांच्या गटापुरते ठेवले. लहानांना त्याच पत्त्यांतून नुसते रंगाचे गठ्ठे लावायला दिले.

आकड्यांसाठी मोठ्या ताईंनी पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली, दहा सारखी घरं आखली आणि डावीकडून उजवीकडे १ ते १० लिहिले. फाशावर कागद चिकटवून तीन बाजूंना एक ठिपका आणि तीन बाजूंना दोन. चारच्या घरात असताना दोन पडले तर “एक, दोन” न म्हणता “पाच, सहा” म्हणत सरकायचं. पुढच्या एका अभ्यासात लास्की आणि सिगलर यांना नेमका याच मोजण्याच्या पद्धतीचा उपयोग जास्त दिसला होता. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण “एक, दोन” म्हटलं की मुलाची नजर पटावरच्या आकड्यावर पडतच नाही.

फळबागेतली दोन वळणं

फळबागेच्या खेळावर थोडं थांबायला हवं, कारण दोन्ही अनपेक्षित गोष्टी तिथेच घडल्या.

पहिली, कोणाचा शब्द चालतो याची. साडेपाच वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांचे निर्णय घेऊ लागला. टोपली आली की कोणतं फळ तोडायचं हे तोच सांगायचा, कधी हात पुढे करून स्वतःच तोडायचा. सहकारी खेळांचा हा नेहमीचा धोका आहे. भांडण दिसत नाही, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं; प्रत्यक्षात एक जण खेळतो आणि तिघं बघतात. धाकट्या ताईंनी नियम केला: फासा ज्याच्या हातात, निर्णय त्याचा, बाकीच्यांचे हात मांडीवर. मुलाला गप्प करायचं नव्हतं, म्हणून कावळा पुढे सरकवायचं काम त्याच्याकडे दिलं. परिणाम असा झाला की तो कावळ्याच्या बाजूने गेला. कावळा पडला की उड्या मारायचा, आणि लहान मुलं कावरीबावरी व्हायची. कावळा ताईंनी स्वतःकडे घेतला आणि त्याला फळं मोजून टोपलीत भरायचं काम दिलं. हे जमलं, तरी हात मांडीवर ठेवायची आठवण रोज करून द्यावी लागत होतीच.

दुसरी गोष्ट रंगाची. चार वर्षांचा एक शांत मुलगा. फाशावर लाल आला की कधी लाल सफरचंद तोडायचा, कधी हिरवं. ताईंनी चूक दाखवली की लगेच बदलायचा आणि शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघायचा. त्याचं लक्ष नसतं, असं मत बनू लागलं होतं. पण जोड्यांच्या खेळात तोच मुलगा सगळ्यांत पुढे होता आणि प्राणी रचताना त्याचा हात सगळ्यांत स्थिर. लक्ष नसलेल्या मुलाचं हे चित्र नव्हे. मी संच उचलून नीट पाहिला. फळं चार: पिवळं पेअर, निळा प्लम, लाल सफरचंद, हिरवं सफरचंद. पेअर आणि प्लम आकारानेही वेगळे. सफरचंदं मात्र दोन्ही हुबेहूब एका आकाराची, फरक फक्त रंगाचा. आणि तोही नेमका लाल-हिरव्याचा.

लाल-हिरव्यात गल्लत होणं हा जन्मजात आणि बहुतेकदा मुलग्यांत आढळणारा दृष्टिदोष आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के मानलं जातं, स्त्रियांत अर्धा टक्का. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्याने हा फरक पडतो. इथे एक निर्णय जपून घ्यावा लागला: खेळावरून निदान करायचं नाही, आणि मुलाला सगळ्यांसमोर “हा कोणता रंग, तो कोणता रंग” असं विचारत परीक्षाही घ्यायची नाही. धाकट्या ताईंनी पालकांना एकटं भेटून फक्त जे पाहिलं ते सांगितलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सुचवलं. तपासणीत लाल-हिरव्याचा रंगदोष निघाला. आईच्या वडिलांनाही तसंच होतं, हे तेव्हा घरातल्यांच्या बोलण्यात आलं.

खेळातला उपाय दोन मिनिटांचा होता. सगळ्या हिरव्या सफरचंदांवर आणि फाशाच्या हिरव्या बाजूवर काळ्या मार्करने फुली. नियम सगळ्यांसाठी एकच, “फुली आली तर फुलीवालं.” त्याच्यासाठी काही वेगळं केलंय, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. तीन वर्षांच्या ज्या मुलांना रंगांची नावं अजून पक्की येत नव्हती, त्यांनाही फुलीचा आधार झाला.

काय झालं

खरेदी शेवटी दोनच गोष्टींची झाली: प्राणी रचायच्या खेळाचा दुसरा संच आणि मोठे, कोरे लाकडी फासे. रचायचा खेळ या वयाला इतका का मानवला, ते बघितल्यावर लगेच कळतं. काही लक्षात ठेवायचं नाही, काय करायचं ते समोर दिसतं, दुसऱ्याचा डाव चालू असतानाही मनोरा पडेल का, ही उत्सुकता असते. वाट पाहणं हाच खेळाचा भाग होतो. आधी तो डुगडुगत्या टेबलावर खेळला जायचा आणि मनोरा मुलांच्या हातून नव्हे, टेबलामुळे पडायचा. जमिनीवर लाकडी फळी ठेवल्यावर तो प्रश्न मिटला. कोऱ्या फाशांवर हवी ती चित्रं चिकटवता येत असल्याने जुने खेळही पुन्हा वापरात आले.

डाव आता बहुतेक वेळा पूर्ण होतात. आकड्यांच्या पट्टीवर काही लहान मुलं बोट ठेवून आकडा ओळखू लागली, पण त्याचं सगळं श्रेय पट्टीला देता येणार नाही. त्या महिन्यांत वर्गात मोजणी इतरही रूपांत चालू होती. शिवाय मूळ अभ्यासात प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकटं खेळलं होतं. अठरा मुलांच्या वर्गात तसं रोज शक्य नाही. मावशी दोघा-दोघांना घेऊन बसतात, तेवढंच जमतं.

रडणं संपलेलं नाही. फळबागेत हरल्यावर मुलं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा मांडायला लागतात. पट्टीवर दुसरा आधी दहाला पोचला की अजूनही डोळे भरून येतात. एका मुलीला कोणताच डाव आवडत नाही. तिला सोंगट्यांची घरं बांधायची असतात. तिला खेळायला बसवायचं नाही, असं ठरलं, आणि मला ते योग्य वाटतं.

पुन्हा करायचं झालं तर

रंगाची तपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी. कोणताही खेळ वर्गात आणण्याआधी त्याचा फोटो काढून मोबाइलवर काळा-पांढरा करून बघायचा; दोन भाग सारखेच दिसू लागले, तर त्यांवर खूण करायची. लाल-हिरव्याची प्रत्येक गल्लत यात पकडली जाईल असं नाही, पण नुसत्या रंगावर विसंबलेले खेळ तरी नजरेत येतात. त्या मुलाला काही आठवडे विनाकारण ‘दुर्लक्ष करणारा’ समजलं गेलं. ते टाळता आलं असतं.

पालकांना उशिरा सांगितलं गेलं. सापशिडी लहान गटातून काढल्यावर दोघा-तिघांनी विचारलं की मोजणी बंद केली का. पुठ्ठ्याची पट्टी आधी पालकसभेत दाखवली असती, घरी कशी करायची ते सांगितलं असतं, तर तो गैरसमज झाला नसता, आणि एकट्याने एकाशी खेळायची जी गोष्ट वर्गात जमत नाही, ती घरी सहज जमली असती.

मोठ्या गटाकडे थोडं दुर्लक्ष झालं. सगळा विचार लहानांच्या आवाक्याचा झाला आणि पाच वर्षांच्या मुलांना फळबाग लवकरच सोपी वाटू लागली. त्यांच्यासाठी सापशिडीच्या पटावर प्रत्येक रांगेच्या टोकाला बाण काढून तो खेळ परत आणला आहे. बाणांमुळे दिशेचा घोळ बराच कमी झाला.

हरण्या-जिंकण्यावर दोघी ताईंचं एकमत झालेलं नाही. मोठ्या ताई म्हणतात, हरायची सवय याच वयात लागायला हवी. धाकट्या ताई म्हणतात, आधी डाव पूर्ण करायची सवय लागू दे. मला धाकट्या ताईंचं म्हणणं जास्त पटतं, पण चार वर्षांपुढच्या मुलांबाबत मोठ्या ताईंचा मुद्दा सोडून देता येत नाही. पुढच्या सत्रात मोठ्या गटाला आठवड्यातले दोन दिवस स्पर्धेचे छोटे डाव आणि लहान गटाला फक्त सहकारी आणि रचायचे खेळ, असं वेळापत्रक दोघींनी मिळून केलं आहे. सत्राच्या मध्यावर ते पुन्हा तपासायचं ठरलं आहे.